मातृभाषेच्या रकान्यात अहिराणी लिहिली तर पुढे तिचं काय होतं?

प्रश्न: बोरीकाठचा मास्तर (पारोळा तालुका)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. 2011 च्या जनगणनेत प्रगणक होतो. 2027 ची ड्युटीही लागणार असं धरून चाललोय. त्याआधी एक गोष्ट विचारायची आहे, ती पंधरा वर्षं मनात आहे.

2011 च्या फेब्रुवारीत 9 ते 28 तारखेपर्यंत आम्ही घरोघर फिरत होतो. सकाळी शाळा, दुपारनंतर गणना. शेतात दादर ज्वारी कापणीला आलेली, त्यामुळे माणसं सापडायची ती संध्याकाळीच. एका घरी ओट्यावर सत्तरीची एक आजी सुपात तूर पाखडत बसली होती. घरचे सगळे मळ्यात. तिनेच एकेकाचं नाव सांगितलं, वय सांगताना पोळा, आखाजी आणि दुष्काळाच्या खुणा सांगितल्या, मी हिशोब लावत गेलो. धर्म लिहिला. आठव्या रकान्यात अनुसूचित जाती की जमात, दोन्हीत नाही म्हणून 3 टाकला. मग दहावा रकाना आला. मातृभाषा.

मी विचारलं. आजी म्हणाली, "आमी ते आहिरानीच बोलतस रे भाऊ. मराठी ते तू बोली राहिना."

मी लिहिलं "मराठी". खाली घरातल्या सहाही जणांसमोर तेच. कारण आदल्या दिवशीच्या बैठकीत वरून सूचना आली होती की सगळ्यांचं मराठीच टाका, बोलीभाषा लिहीत बसू नका, गोंधळ होतो. सांगणाऱ्याचं नाव काढण्यात अर्थ नाही, पेन माझ्या हातात होता. आजीने सूप खाली ठेवून विचारलं, "लिखी लिधं का?" मी हो म्हणालो.

मी स्वतः अहिराणी बोलणाऱ्या घरातला. वर्गात पहिलीची पोरं "गुरुजी, पानी पेवाले जाऊ का?" विचारतात तेव्हा त्यांच्याच भाषेत हो म्हणतो, म्हणजे ती घाबरत नाहीत. आणि कागदावर मात्र मीच ती भाषा पुसली, एका घरात नाही, माझ्या गटातल्या सव्वाशेच्या वर घरांत.

आता विचारायचं ते असं. अहिराणी लिहिली असती तर ती शेवटी मराठीतच मिळवली गेली असती का? तसं असेल तर माझ्या लिहिण्या न लिहिण्याने काही फरक पडला नाही, असं समजून मी गप्प बसेन. दुसरं, या वेळी जातही विचारणार आहेत. 30 एप्रिल 2025 ला केंद्राने तसा निर्णय जाहीर केला. इथे एकाच जातीला चार नावं, आडनाव वेगळं, पोटजात वेगळी, लोक काय सांगतील आणि मी काय लिहू? आणि परदेशात कुणी असाल तर सांगा, तिकडची सरकारं माणसाला कोणत्या खान्यात बसवतात, आणि तो खाना कोण ठरवतं?

उत्तर: आकडेमोड (जळगाव)

मास्तर, नोकरीची तीस वर्षं सरकारी आकड्यांतच गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. नाही, अहिराणी मराठीत मिळवली जात नाही. खानदेशात निम्म्याहून जास्त लोकांचा हाच समज आहे आणि तो चुकीचा आहे. जनगणनेत मातृभाषा दोन टप्प्यांत हाताळतात. पहिला टप्पा तुमचा, म्हणजे नोंद. माणसाने जे सांगितलं ते अक्षरशः लिहायचं. दुसरा टप्पा भाषातज्ज्ञांचा, म्हणजे वर्गीकरण. 2011 मध्ये देशभरातून मातृभाषेची 19,569 वेगवेगळी नावं आली. स्पेलिंगचे फरक, गावाची नावं, जातीची नावं, सगळं त्यात होतं. त्याची छाननी करून 1,369 मातृभाषा ठरल्या, 1,474 नावं "अवर्गीकृत" म्हणून बाजूला पडली. मग त्या मातृभाषांचे गट करून 121 भाषा तयार झाल्या: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 आणि बाकीच्या 99. ज्या नावामागे देशात 10,000 माणसंही नाहीत ते स्वतंत्र दाखवत नाहीत, ही पद्धत 1971 पासूनची.

त्या 99 मध्ये एक भाषा आहे "खानदेशी". अहिराणी तिच्या खाली येते. 2011 चा खानदेशीचा आकडा 18,60,236 आणि त्यात अहिराणी 16,36,465. मराठीचा आकडा वेगळा, 8 कोटी 30 लाख.

आता मागचे आकडे बघा. 1971 मध्ये खानदेशी सुमारे 1.47 लाख. 1981 मध्ये 12.16 लाख. 1991 मध्ये 9.74 लाख. 2001 मध्ये 20.75 लाख. 2011 मध्ये 18.60 लाख. दहा वर्षांत आठपट, मग घट, मग दुप्पट, मग पुन्हा घट. बोलणारी माणसं अशी वरखाली होत नाहीत. या काळात इथली लोकसंख्या सरळ वाढत गेली. 2011 ला एकट्या जळगाव जिल्ह्यात 42 लाख माणसं होती, धुळ्यात 20 लाख. शिवाय बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा इथे घराघरात अहिराणी. म्हणजे बदलत राहिलं ते लोकांचं उत्तर, ते लिहिणारा हात आणि नंतरची जोडणी. तुमच्या सव्वाशे घरांसारखी घरं गावोगाव असणार, म्हणून फरक पडला नाही असं मी तुम्हाला म्हणू शकत नाही. दुसऱ्या टप्प्यावर बसलेला माणूस कितीही हुशार असला तरी जे कागदावर आलंच नाही ते त्याला परत काढता येत नाही.

नियम तर तुमच्या बाजूचाच होता. 2011 च्या प्रगणकांच्या सूचनापुस्तिकेत लिहिलं होतं की सांगितलेली भाषा दुसऱ्या कुठल्या भाषेची बोली आहे का हे ठरवणं प्रगणकाचं काम नाही. मातृभाषेची व्याख्याही साधी: लहानपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलायची ती. आई लवकर गेली असेल तर घरात जी बोलली जायची ती. आणि प्रत्येक माणसाची वेगळी नोंद, कुटुंबाची एक नाही. बैठकीत तुम्हाला जे सांगितलं गेलं ते पुस्तिकेच्या उलट होतं.

गटाचं नाव कोण ठरवतं, यामागे जुना इतिहास आहे. इंग्रजांच्या काळातले भाषा अभ्यासक ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग 1907 मध्ये आला. त्यात त्यांनी खानदेशीला भिली भाषांबरोबर ठेवलं, मराठीखाली नाही. पटो न पटो, हा वेगळा खाना तेव्हापासून चालत आला. उलट चाळीसगाव, जामनेरकडच्या बंजारा तांड्यांवर जा. घरात गोरमाटी बोलतात, पण लमाणी किंवा लंबाडी म्हणून नोंदलेली सगळी माणसं हिंदीच्या आकड्यात जातात. 2011 ला अशी 32 लाखांवर माणसं होती. भोजपुरीची 5 कोटीही हिंदीतच. म्हणजे कुणाची भाषा स्वतंत्र आणि कुणाची दुसरीच्या पोटात, हे टेबलावर ठरतं. तिथे वाद घालायला आकडा हातात लागतो आणि तो तुम्हीच आणून देऊ शकता.

जातीचं नंतर लिहितो, ते मोठं आहे.

उत्तर: तापीपार (शहादा)

मास्तर, तुमचं मन समजतं. पण मी मराठीच सांगतो आणि सांगणार. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपणच आपली संख्या वेगळी काढायला लागलो तर मराठीचा आकडा कमी होणार नाही का? अहिराणी घरात बोलावी, कागदावर मराठी असावी. माझे आजोबा पश्चिम खानदेश जिल्हा होता तेव्हाचे, ते स्वतःला मराठीच म्हणायचे.

उत्तर: आकडेमोड

भाऊ, 8.30 कोटींत 16 लाख म्हणजे दोन टक्के. त्याने मराठी खचत नाही. आणि दहाव्या रकान्यानंतर अकरावा असतो: येत असलेल्या इतर भाषा, जास्तीत जास्त दोन. तिथे मराठी लिहा. तुम्हाला दोन्ही भाषा येतात, फॉर्मला दोन्ही हव्या आहेत. पण तुमच्या आईने तुमच्याशी खरोखर मराठीत बोलून तुम्हाला वाढवलं असेल तर मराठीच सांगा, तेच बरोबर. आजोबा स्वतःला काय म्हणायचे हा त्यांचा हक्क होता, तो कुणी काढून घेत नाही.

उत्तर: भुसावळची सिस्टर (सध्या लेस्टर, इंग्लंड)

गुरुजी, मी इथे दवाखान्यात नर्स आहे. 21 मार्च 2021 ची इथली जनगणना मी भरली, ऑनलाइन, रात्रपाळीवरून आल्यावर. कुणी दारात आलं नाही, स्वतःच भरायचं.

इथे प्रश्न "वांशिक गट" असा असतो. पाच मोठे गट: गोरे, मिश्र, आशियाई, काळे, इतर. आशियाईच्या खाली भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, चिनी आणि इतर आशियाई. हा प्रश्न तसा नवा, 1991 मध्ये पहिल्यांदा आला. आणि खाने हलत राहतात. चिनी लोक आधी वेगळ्या गटात होते, 2011 ला आशियाईत आले. त्याच वर्षी अरब हा खाना आला, 2021 ला रोमा. माझ्या वॉर्डात एक शीख ताई आहेत, त्यांच्या लोकांनी शिखांसाठी स्वतंत्र चौकोन मागितला होता. कायद्यात त्यांना वांशिक गट मानतात, 1983 च्या एका खटल्यात पगडीवरून तसा निकाल झालाय. तरी 2021 ला चौकोन मिळाला नाही, लिहायला कोरी ओळ मिळाली. त्या चिडल्या होत्या. मला तेव्हा कळलं नाही एवढं काय त्यात. नंतर कळलं, कारण या आकड्यांवरूनच आमच्या दवाखान्यात दुभाषे किती ठेवायचे, मधुमेहाची तपासणी कुठल्या वस्तीत करायची हे ठरतं. चौकोनच नसेल तर आजारही दिसत नाही.

मी "भारतीय" वर खूण केली. पुढचा प्रश्न होता मुख्य भाषा. इंग्रजी नसेल तर लिहा. मी "मराठी" टाइप केलं आणि थांबले. माझी आई मला लेवा बोलीत रागवायची, सासर अहिराणी. मी बदललं नाही. भीती वाटली की इथल्या कुणाला ते नावच कळणार नाही. तुमची पोस्ट वाचून ती रात्र आठवली.

माझ्या सोबतची एक नर्स फ्रान्सची आहे, आईवडील मालीचे. ती म्हणाली त्यांच्या जनगणनेत वंश विचारतच नाहीत. जन्म कुठे झाला, नागरिकत्व कोणतं, एवढंच. 2007 मध्ये तिथल्या संविधान परिषदेने वंशाची आकडेवारी गोळा करायला मुभा देणारं कलम रद्द केलं होतं. ती म्हणते, प्रजासत्ताकाला सगळे सारखे. आणि लगेच म्हणते, नोकरीच्या अर्जावर माझं आडनाव वाचून फोन येत नाही, पण अशा किती जणी आहेत हे सांगायला माझ्याकडे आकडा नाही.

भाऊ न्यू जर्सीत आहे. त्याच्या 2020 च्या फॉर्ममध्ये "आशियाई भारतीय" हा चौकोन होता. तो 1980 ला आला. त्याआधी 1970 ला भारतीयांना तिथे गोऱ्यांत मोजलं होतं. आणि 1920, 1930, 1940 या तीन जनगणनांत वंशाच्या यादीत चक्क "हिंदू" हा एक वंश होता, मग तो माणूस शीख असो की मुसलमान. त्या वेळी प्रगणक तोंड बघून स्वतः लिहायचा. 1960 पासून लोक हळूहळू स्वतःच आपलं लिहायला लागले. माणूस तोच, साठ वर्षांत तीन वंश. भाऊ सांगत होता आणि मला आपल्या गावातला आठवा रकाना आठवत होता.

उत्तर: अक्राणीचा (धडगाव)

मी पावरा. मास्तरांनी अहिराणीबद्दल लिहिलं म्हणून आमचंही सांगतो.

2011 ला आमच्या पाड्यावर गणनेला आलेले गुरुजी बाहेरचे होते, चांगले होते, डोंगर चढून आले होते. त्यांनी मातृभाषा "आदिवासी" लिहिली. अशी भाषा नाही. आमची पावरी, शेजारच्या पाड्याची भिली, खाली उतरलं की वसावे, नवापूरकडे मावची आणि कोकणी. नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले 69 लोक अनुसूचित जमातीचे, आणि त्या 69 ची एक भाषा नाही. मोठ्या आकड्यात पावरी "भिली/भिलोडी" च्या खाली जाते. तो आकडा 1 कोटी 4 लाख, राजस्थानच्या वागडीपासून सगळं त्यात. गट मोठा असणं मला वाईट वाटत नाही. पण आत पावरी हे नाव दिसलं पाहिजे, आणि "आदिवासी" लिहिलं तर ते दिसत नाही.

जमातीच्या रकान्यातही हेच. महाराष्ट्राच्या यादीत आठव्या नोंदीत भिल आहे आणि त्याच नोंदीत तडवी भिल, भिलाला, पावरा, वसावा, वसावे. सतराव्या नोंदीत गावित, मावची, पाडवी. तेराव्यात धानका, तडवी, वळवी. नर्मदेच्या पलीकडे मध्य प्रदेशात आमचे सोयरे स्वतःला बारेला म्हणवतात. त्यांच्या राज्याच्या यादीत बारेला आहे, आमच्या यादीत नाही. आत्या लग्न होऊन इकडे आली, ती माहेरची बारेला. प्रगणकाने तसं लिहिलं तर ती इथे जमातीतच धरली जाणार नाही. नदी ओलांडली की माणूस बदलत नाही, यादी बदलते.

माझ्या काकाचं ऐका. शाळेच्या दाखल्यावर कुणी "पावरा" ऐवजी "पवार" लिहिलं. एक काना मागेपुढे झाला. तो काना दुरुस्त करायला काकाचे जात पडताळणीत दोन वर्षं गेली. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही, माणसं तिथेही चांगली भेटली. पण दोन वर्षांत पोराची एक जागा गेली. म्हणून मास्तर, तुम्ही लिहाल तेव्हा नाव विचारून लिहा, परत वाचून दाखवा. आमची म्हातारी वाचू शकत नाही, पण ऐकू शकते.

धर्माच्या रकान्याचंही मला बोलायचं आहे. आम्ही इंदल करतो, मोगरा माता, राजा पांठा आमचे देव. झारखंडकडच्या लोकांनी 2011 ला "सरना" लिहायचं ठरवलं आणि 49 लाखांवर लोकांनी लिहिलं. तो शब्द "इतर धर्म" च्या खाली गेला, पण मोजला तर गेला. इंग्रजांच्या काळी 1931 पर्यंत अशा लोकांचा वेगळा खाना असायचा, स्वातंत्र्यानंतर गेला. आमच्यात घराघरात वेगवेगळं मत आहे, माझी आई हिंदू सांगते, मी नाही. दोघांचं दोन वेगळं लिहिलं पाहिजे.

उत्तर: यावलकर

एकच मुद्दा. मी तडवी, धर्माने मुसलमान. 2011 ला प्रगणक म्हणाले मुसलमान लिहिलं तर जमात लिहिता येणार नाही, कॉम्प्युटर चूक दाखवेल. हे खोटं आहे. अनुसूचित जातीला धर्माची अट आहे: 1950 ला हिंदू, 1956 ला शीख धरले, 1990 ला बौद्ध. जमातीला अशी कुठलीही अट नाही. यावल, रावेर, चोपडा पट्ट्यात प्रगणक म्हणून जाणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं. माझ्या वडिलांनी तेव्हा वाद घातला नाही, धर्म राहू दिला आणि जमात गेली.

उत्तर: आकडेमोड

यावलकर भाऊंचं शंभर टक्के बरोबर. अक्राणीच्या भाऊंचंही. पुस्तिकेत हेही होतं की कुणी "हरिजन", "आदिवासी" असं मोघम सांगितलं तर तिथे थांबायचं नाही, नेमकं नाव विचारायचं. आणि दाखला मागायचा नाही.

आता जात. 1881 ते 1931 दर जनगणनेत जात मोजली गेली. 1901 ला रिस्ले हे जनगणना आयुक्त होते. ते नाकाची रुंदी मोजून वंश ठरवणारे गृहस्थ. त्यांनी जातींची समाजातल्या मानाप्रमाणे उतरंड लावायला सांगितली आणि देशभरातून अर्जांचा ढीग आला, आम्हाला वर घ्या म्हणून. मोजणाऱ्याने क्रम लावला की मोजली जाणारी माणसंही बदलतात, हे तिथे दिसलं. 1931 ला 4,147 जाती निघाल्या. 1941 ला युद्धामुळे तक्ते झालेच नाहीत. 1951 पासून फक्त अनुसूचित जाती आणि जमाती. तुम्ही टाकलेला 3 म्हणजे याच धोरणाचा आकडा: बाकी सगळे, न विचारता.

2011 ला मूळ जनगणनेपासून वेगळी सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना झाली. तिथे जात मोकळी लिहायची होती, यादी नव्हती. केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की देशात जातींची 46 लाख नावं आली. आपल्या महाराष्ट्रात 10.3 कोटी माणसांची 4.28 लाख नावं, आणि सरकारी याद्यांत मिळून 494. त्यातल्या 99 टक्के "जातींत" शंभर माणसंही नव्हती. केरळातल्या मोपला समाजाचं नाव चाळीस प्रकारांनी लिहिलं गेलं तर चाळीस जाती झाल्या. काकांचा काना आठवा, तोच प्रकार देशाच्या मापाने.

ब्राझीलमध्ये हे आधीच घडलंय. 1976 च्या एका सरकारी पाहणीत लोकांना मोकळं विचारलं, तुमचा रंग कोणता? 130 च्या वर उत्तरं आली. गव्हाळ, दालचिनी, कॉफीसारखा. त्यांच्या जनगणनेत मात्र पाचच खाने आहेत: गोरा, काळा, मिश्र म्हणजे "पार्दो", पिवळा आणि मूलनिवासी. 2022 ला पहिल्यांदाच पार्दो सर्वांत मोठा गट झाला, 45 टक्क्यांवर. पाच खान्यांत तक्ता छान होतो आणि दालचिनी म्हणणारा माणूस हरवतो. 130 ठेवले तर माणूस राहतो आणि तक्ता होत नाही. माझ्या अनुभवात यातून एकच वाट निघते. घरी ऐकलेला शब्द जसाच्या तसा जपून ठेवायचा आणि गट करताना प्रत्येक शब्द कुठे टाकला ते उघड छापायचं.

उत्तर: तापीपार

साहेब, पण भीती एकच. एकदा सगळ्यांची जात लिहून झाली की ती यादी कुणाच्या हाती पडेल? रवांडात काय झालं ते आपण वाचलंय.

उत्तर: आकडेमोड

भीती खरी आहे, तिला कमी लेखू नका. रवांडात बेल्जियनांनी 1930 च्या दशकात ओळखपत्रावरच हुतू, तुत्सी, त्वा लिहिलं. 1994 ला नाक्यानाक्यावर तीच कार्डं बघून माणसं मारली. फरक नीट बघा: तिथे जात, म्हणजे त्यांचा गट, माणसाच्या नावासह खिशात होता. जनगणनेत नावासह माहिती गोपनीय असते. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगतं की ही नोंदवही कुणाला बघता येत नाही आणि पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे काकांना इथली नोंद दाखवून दाखला मिळणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती दाखवून त्यांचं काही काढूनही घेता येणार नाही. बाहेर येते ती फक्त बेरीज. मोबाइलवर मोजणी होणार असेल तर प्रगणकांनी हे कलम जास्तच पाळायला हवं. ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यासमोर जात विचारू नका. आत जाऊन विचारा.

उत्तर: बोरीकाठचा मास्तर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी एक काम करायचं होतं.

साहेबांनी व्याख्या लिहिली: आई लहानपणी ज्या भाषेत बोलायची ती. मी ती सातवीच्या वर्गात करून बघितली. आधी विचारलं, मातृभाषा कोणती? जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात मराठी म्हणाला, पुस्तकात धडाच आहे तसा. मग विचारलं, तुम्ही पडलात, गुडघा फुटला, तर माय काय म्हणते? वर्ग एकदम जागा झाला. निम्म्याहून जास्त अहिराणी. ऊसतोडीहून परत आलेल्या दोन भावांची भिली. एक मुलगी बराच वेळ गप्प होती, मग गोरमाटीत एक वाक्य बोलली आणि शेजारची तिच्याकडे बघतच राहिली, चार वर्षं एका बाकावर बसून तिला ते माहीत नव्हतं. मग मी तिला ते फळ्यावर लिहायला लावलं.

तर मी दारात "मातृभाषा?" असं विचारणार नाही. "तुमची माय तुमच्याशी काय बोलायची?" असं विचारेन, एकेका माणसाला वेगळं. सुनेची वेगळी असू शकते, हे 2011 ला माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहिलेलं वाचून दाखवेन. अक्राणीच्या दादांचा काना आणि यावलकरांची जमात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय, आमच्या केंद्रातल्या सगळ्यांना प्रशिक्षणाच्या दिवशी वाचून दाखवणार आहे. सिस्टरताई, तुमची लेवा बोलीही त्या पानावर आहे.

ती तूर पाखडणारी आजी राहिली नाही. तिच्या घरी गेलो होतो. सून होती, तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा ठेवला, आणि या खेपेला घरी कोण कोण असेल ते तिथेच बोटांवर मोजून सांगितलं.

घरी येऊन मायला सांगत होतो. बोलता बोलता आठवलं की 2011 ला आमच्या घराची गणना दुसऱ्या मास्तरने केली होती, आणि दारात उभं राहून उत्तरं मी दिली होती. "सगळ्यांचं मराठी." माय तेव्हा आत चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत होती. मी विचारलं, माय, तुला आठवतं का तो दिवस?

म्हणाली, "माले कोनी इचारंच नही."